याशिका इलेक्ट्रो ३५ चा लिव्हर अडकतो, रोल कोरा येतो: काय बघायचं आणि कुठे थांबायचं

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांचा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन कॅमेरा वीसेक वर्षं माळ्यावर पडून होता. तो खाली काढला, बॅटरीची सोय केली, पहिला रोल टाकला, काउंटर व्यवस्थित ३६ पर्यंत गेला आणि लॅबमधून अख्खा रोल कोरा आला. मग दुसरा रोल टाकला तर १४ व्या फोटोनंतर फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर अर्ध्यातच अडकला, रोल अजून आतच आहे, आणि घरातले म्हणतायत जरा जोर लावून बघ नाहीतर गंजाचा स्प्रे मार.

ताई, हे दोन्ही करू नका. जोरही नाही आणि स्प्रे तर अजिबातच नाही. मी सव्वीस वर्षं कॅमेरे उघडतोय, आणि खात्रीनं सांगतो की माझ्या टेबलावर येणाऱ्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांपैकी (लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघायचे ते) जे खरंच मेलेले असतात ते म्हातारपणानं फार कमी मेलेले असतात, बहुतेक वेळा कोणीतरी शेवटचा एक जोर लावलेला असतो. शिकाऊ असताना मी स्वतः एका कॅमेऱ्याचा लिव्हर असाच दाबला होता, अंगठ्याखाली बारीकसं काहीतरी तुटल्याचं कळलं आणि लिव्हर एकदम हलका झाला. ते गिअर परत मिळालं नाही. तो हलकेपणा अजून आठवतो मला, म्हणून हे एवढं लांब लिहितोय.

आधी लिव्हर नक्की काय काय करतो ते समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप लागेल. एका फिरवण्यात तो तीन कामं करतो: फिल्म एक फ्रेम पुढे ओढतो, शटरला चावी देतो, आणि काउंटर एक घर पुढे सरकवतो. ३५ एमएम फिल्मच्या कडेला जी भोकं असतात त्यांच्यातलं अंतर ४.७५ मिमी. एका फोटोला आठ भोकं, म्हणजे ३८ मिमी. त्यातले ३६ मिमी फोटो आणि २ मिमी मधली मोकळी जागा. हे मोजून देणारं चाक म्हणजे स्प्रॉकेट, दातांचं ते, बहुतेक कॅमेऱ्यांत त्याला आठ दात असतात म्हणजे एका फोटोला बरोब्बर एक फेरा. फिल्म गुंडाळून घेतो तो टेक-अप स्पूल, पण गंमत अशी की फिल्म गुंडाळत गेली की स्पूल जाड होत जातो, आणि जाड स्पूल एका फेऱ्यात जास्त फिल्म ओढतो, मग स्प्रॉकेट आणि स्पूल यांचं जमायचं कसं? तर स्पूलच्या आत एक घसरणारा क्लच असतो. स्प्रॉकेट जेवढी फिल्म सोडेल तेवढीच स्पूल घेतो, बाकीचं घसरून सोडून देतो. हे मापून देणारा एक आणि ओढून घेणारा एक, एवढं डोक्यात पक्कं ठेवा, कारण खालच्या निम्म्या तक्रारी या दोघांपैकी कोण चुकतंय यावरच येतात.

आता तुमचा पहिला रोल. काउंटर ३६ झाला म्हणजे फिल्म ३६ वेळा सरकली असं नाही. काउंटर लिव्हरला जोडलेला असतो, फिल्मला नाही. कॅमेरा रिकामा असला तरी तो मोजतो. त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवायचा तो फक्त किती वेळा लिव्हर फिरवला यापुरता. फिल्म सरकतेय का हे सांगणारी बाहेरून दिसणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे डाव्या हाताचा रिवाइंडचा नॉब. रोल टाकून मागचं झाकण लावलं की नॉबची कडी उघडून बाणाच्या दिशेला हलकेच फिरवा, कॅसेटमधला ढिलेपणा निघून जाईल आणि नॉब थोडा घट्ट होईल, तिथे थांबा. आता लिव्हर फिरवा आणि नजर नॉबवर ठेवा. तो उलट्या दिशेनं फिरला पाहिजे. फिरला तर फिल्म चाललीये. नाही फिरला तर झाकण उघडून परत लावा, दोन फ्रेम वाया जातील तेवढंच. मी आजही दर दोन तीन फोटोंनी एक नजर नॉबवर टाकतो, इतक्या वर्षांनी ती सवयच झालीये.

कोरी फिल्म हातात असेल तर ती उजेडात धरून बघा. कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे उमटलेत का? उमटले असतील तर लॅबनं डेव्हलप बरोबर केलंय, फिल्मवर उजेडच पडला नाही. मग दोनच शक्यता मोठ्या. एक, लीडर, म्हणजे फिल्मचं सुरुवातीचं टोक, स्पूलमधून निसटला आणि फिल्म जागची हललीच नाही. दोन, लेन्सवर टोपी होती. हसू नका हां, रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो, त्यामुळे टोपी लावलेली असली तरी समोरचं छान स्वच्छ दिसतं. आणि इलेक्ट्रोचा प्रकाश मोजणारा डोळा लेन्सवर नाही, वर बॉडीवर आहे, त्यामुळे मीटरही नेहमीसारखं चालतं, लाल पिवळे दिवेही नेहमीसारखे लागतात. यातलं कुठलं झालं ते तुम्हाला रिवाइंड करतानाचं आठवत असेल तर लगेच कळेल: कडीचे दोन चार फेरे झाले आणि लगेच हलकं झालं असेल तर फिल्म कधी कॅसेटबाहेर आलीच नव्हती. बराच वेळ फिरवत बसावं लागलं असेल तर फिल्म पूर्ण गेली होती आणि परत आली, मग टोपी किंवा शटर. शटर उघडतंय का ते बघायचं असेल तर रोल काढल्यावर मागचं झाकण उघडा, अपर्चर १.७ ला, म्हणजे लेन्सचं भोक सगळ्यात मोठं, ठेवा, शटरची रिंग बी वर, कॅमेरा खिडकीकडे धरा आणि बटण दाबून ठेवा. मागून गोल उजेड दिसला पाहिजे, बटण सोडलं की बंद झाला पाहिजे.

लीडर निसटतो तो घाईनं. स्पूलच्या खाचेत टोक नुसतं टेकवून झाकण लावतात लोक. टोक खाचेत नीट आत जाऊ द्या, मग झाकण उघडं ठेवूनच लिव्हर फिरवा, फिल्म स्पूलवर एक पूर्ण वेढा बसू द्या आणि वरची खालची दोन्ही बाजूंची भोकं स्प्रॉकेटच्या दातांवर बसलेली डोळ्यांनी बघा. एकाच बाजूला बसली असतील तर फिल्म तिरकी चाललीये, पुढे जाऊन हमखास अडकणार. एक दोन फ्रेम उजेडात जातात, जाऊ देत. फिल्मचे भाव बघता जीव कळवळतो हे मान्य, पण दोन फ्रेम परवडतात, छत्तीस नाही.

आता दुसरा रोल, जो अडकलाय. इथे अंगठ्याला काय जाणवतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लिव्हर अर्ध्यात अडकलाय म्हणताय, तर अगदी हलका, कागद धरल्यासारखा दाब देऊन बघा. लिव्हर रबरासारखा वाटतो का, म्हणजे थोडा पुढे जातो, ताणतो आणि सोडला की मागे येतो? की दगडासारखा, एका ठिकाणी टक्कन थांबतो आणि त्याच्या पुढे केसभरही नाही? रबरासारखा असेल तर कारण जवळपास नेहमी फिल्म असते. कॅसेटमध्ये फिल्म घट्ट झालीये, किंवा आत कुठेतरी गोळा झालीये. दगडासारखा असेल तर मशीन: गिअरमध्ये काहीतरी अडकलंय, खटका बसलाय, किंवा शटरनं आपलं आधीचं काम पूर्ण केलेलं नाही. आणि तिसरा प्रकार, लिव्हर सुरुवातीलाच हलत नाही, तो वेगळा, त्याच्यावर खाली येतो.

तुमच्याबाबतीत १४ वर अडकलाय, म्हणजे रोल संपलेला नाही. पण एक विचारतो, हा रोल कंपनीचा सीलबंद होता की कोणी मोठ्या डब्यातून कापून भरलेला? आपल्याकडे हल्ली सिनेमाची फिल्म कापून जुन्या कॅसेटमध्ये भरून देतात, स्वस्त पडते, मीही वापरतो, पण त्या कॅसेटच्या तोंडाची मखमल किती वेळा वापरलेली असते कोणास ठाऊक, त्यात धुळीचा कण बसला की फिल्म घासते आणि जड चालते. ३६ ऐवजी ३९, ४० फ्रेम कोंबलेल्या असल्या तरी सुरुवातीचा भाग जड जातो. आणखी एक, फिल्म ॲसिटेटवर असेल तर जोर लावल्यावर भोकं फाटतात आणि निदान कॅमेरा वाचतो. पॉलिएस्टरवरची फिल्म फाटतच नाही. तिथे जोर लावलात तर फिल्म जिंकते आणि गिअर हरतो.

आत्ता या घडीला करायचं ते असं. आधी सेल्फ टायमरचा लिव्हर बघा, तो अर्धवट खाली आलेला नाही ना. जुन्या कॅमेऱ्यात सेल्फ टायमर कधीच लावू नका, त्याच्या आतलं ग्रीस वाळलेलं असतं, तो मध्येच थांबतो आणि शटरला धरून बसतो, मग सगळंच अडकतं. अडकला असेल तर बोटानं हलकेच पुढे जाऊ द्या. मग कॅमेऱ्याच्या तळाचं छोटं रिवाइंडचं बटण दाबा आणि दाबून ठेवूनच नॉबची कडी बाणाच्या दिशेला फिरवून बघा, दोन बोटांनी, मूठ लावायची नाही. सहज फिरत असेल तर पूर्ण गुंडाळून घ्या, शेवटी लीडर स्पूलमधून सुटल्याचा एक हलका झटका कळतो, तुमचे १४ फोटो सुरक्षित. जड असेल तर तिथेच थांबा. भोकं आधीच फाटलेली असली तर आता जोर लावून तुम्ही फिल्मचे दोन तुकडे कराल, एक कॅसेटमध्ये आणि एक आत.

जड असेल तर कॅमेरा अंधारात उघडायचा. चेंजिंग बॅग (उजेड आत न येणारी, हात घालायला बाह्या असलेली काळी पिशवी) असेल तर उत्तम, नसेल तर रात्री बाथरूम, दाराच्या फटीला टॉवेल, आणि आत पाच मिनिटं बसून बघा कुठून उजेड येतोय का, पाच मिनिटांनी डोळ्यांना जे दिसतं ते आधी दिसत नाही. फोन बाहेर ठेवा, घड्याळ चमकणारं असेल तर तेही. आत येताना एक काळी डबी जवळ ठेवा, रोल ज्यात येतो ती पारदर्शक नाही, काळी. पावसाळ्यात हे करणार असाल तर हात आधी कोरडे करा, तळहाताला घाम असला की फिल्मचा जिलेटीनचा थर बोटाला चिकटतो आणि तो डाग नंतर फोटोत दिसतो.

झाकण उघडल्यावर बोटांनी वाचायचं. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे असाच एक इलेक्ट्रो आला होता, बॅगेत हात घालून उघडला तर स्प्रॉकेट आणि स्पूलच्या मधे बोटाला कागदाच्या पंख्यासारख्या घड्या लागल्या, पाच सहा, एकावर एक दाबलेल्या. म्हणजे स्प्रॉकेट इमानानं मापून देत होता पण स्पूल घेत नव्हता, आलेली फिल्म तिथेच साचत गेली, आणि साचायला जागा संपली तेव्हा लिव्हर थांबला. रबरासारखा. घडी पडलेल्या तीन फ्रेम गेल्या, बाकीच्या आल्या. तुमच्याकडेही घड्या लागल्या तर ओढू नका, स्पूल हातानं मागे फिरवून हळूहळू मोकळी करा. घड्या नसतील, फिल्म ताणलेली सपाट असेल, तर स्प्रॉकेटच्या कडेनं नख फिरवा, फाटलेली भोकं खरखरीत लागतात. फिल्म सुटली की एक तर अंधारातच कॅसेटमध्ये परत गुंडाळा नाहीतर सैल गुंडाळी करून काळ्या डबीत ठेवा, डबीवर चिकटपट्टी, आणि वर मोठ्या अक्षरात लिहा की आत सुटी फिल्म आहे, उजेडात उघडू नये. लॅबच्या काउंटरवर तोंडी सांगितलेलं आत अंधाऱ्या खोलीपर्यंत पोचत नाही.

फिल्म बाहेर आली की मग निवांत चहा घ्या आणि रिकामा कॅमेरा उजेडात झाकण उघडून समोर ठेवा. आता लिव्हर हलतोय का? हलत असेल तर फिल्मचाच प्रश्न होता. तरी ब्रशनं आणि फुंकणीनं स्प्रॉकेटखाली बघा. एका कॅमेऱ्यात मला तांदळाच्या कणीएवढा फिल्मचा तुकडा सापडला होता, दोन भोकांमधली ती पट्टी, कोणाच्या तरी जुन्या रोलची फाटलेली. ती कधी गिअरमध्ये यायची कधी नाही, त्यामुळे कॅमेरा कधी अडकायचा कधी नाही, आणि मालक बिचारे तीन ठिकाणी दाखवून आले होते.

मग ही परीक्षा करा, तुम्ही घरी करू शकता अशी हीच एक मला भरवशाची वाटते. एखादा वाया गेलेला रोल घ्या, तो पहिला कोरा आलेला तुकडे न करता मिळाला तर तोच एखाद्या रिकाम्या कॅसेटच्या टोकाला चिकटवून चालेल. झाकण उघडं ठेवून लोड करा. फिल्मच्या खिडकीच्या डाव्या कडेला बॉलपेननं फिल्मवर उभी रेघ मारा. शटर दाबा, लिव्हर फिरवा, परत त्याच कडेला रेघ. फिल्म सपाट राहावी म्हणून कॅसेटच्या बाजूनं अंगठा हलका टेकवा. असं पंधरा वीस वेळा. मग फिल्म टेबलावर ताणून पट्टीनं मोजा. प्रत्येक रेघेतलं अंतर ३८ मिमीच्या आसपास असेल तर वाहतूक ठणठणीत आहे, कॅमेरा वापरा. अंतर हळूहळू वाढत जात असेल, ३९, ४१, ४३ असं, तर स्प्रॉकेट मोकळं फिरतंय आणि स्पूल एकटाच ओढतोय, जाड होईल तसा जास्त. कधी ३८ कधी ३० असं विचित्र येत असेल तर स्प्रॉकेट कधी पकडतंय कधी सोडतंय, किंवा दात झिजलेत. आणि अंतर बरोबर पण स्प्रॉकेट आणि स्पूलच्या मधे फिल्म सैल पडून फुगत असेल, तर स्पूलचा क्लच सैल.

स्प्रॉकेट मोकळं राहण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे तळाचं ते रिवाइंडचं बटण दाबलेल्या अवस्थेत चिकटून बसणं. रिवाइंड करताना ते दाबलं की स्प्रॉकेट गिअरपासून सुटतं, पुढच्या वेळी लिव्हर फिरवला की ते उसळी मारून वर यायला हवं. वीस वर्षांची माळ्यावरची धूळ, तेल आणि आपली दमट हवा यांचं मिळून एक डिंकासारखं काहीतरी होतं आणि बटण अर्ध्यात राहतं. लायटरमध्ये भरायचं इंधन असतं ना, ते काडीच्या टोकावर कापूस गुंडाळून एक थेंब, बटणाच्या कडेनं, दाबा सोडा, दाबा सोडा, वीस पंचवीस वेळा. वाळू द्या. बहुतेक वेळा एवढ्यावर सुटतं. खोलीत गॅस, उदबत्ती काही नको, खिडकी उघडी.

क्लच बघायचा तर लिव्हर फिरवताना दुसऱ्या हाताच्या बोटानं स्पूल धरून ठेवा. तो थांबला पाहिजे पण कुरकुर करत, बोटाला बऱ्यापैकी विरोध जाणवला पाहिजे. पिसासारखा थांबला तर क्लच गेला. इथे तेल घालू नका! लोकांना वाटतं जुनं मशीन आहे, फिरणारं आहे, दोन थेंब तेल टाकू. क्लच घर्षणावरच चालतो, तेल गेलं की तो मेला. स्प्रेलाही मी म्हणूनच नाही म्हणतो. तो एका जागी राहत नाही, पसरत पसरत शटरच्या पात्यांवर जातो, आणि लेन्सच्या मधे असलेल्या या शटरची पाती एवढी पातळ असतात की तेलाचा नुसता थर आला तरी एकमेकांना चिकटतात.

तिथूनच तो तिसरा प्रकार येतो, लिव्हर अजिबात हलत नाही, सुरुवातीलाच. या कॅमेऱ्यांत एकाच फ्रेमवर दोन फोटो पडू नयेत म्हणून कुलूप असतं: शटर पूर्ण चालून बंद झाल्याशिवाय लिव्हर सुटत नाही. म्हणजे पाती चिकटली किंवा आतला खटका आळसावला तर तक्रार लिव्हरची वाटते पण आजार शटरचा असतो. आणि इलेक्ट्रोत आणखी एक आहे, हे शटर इलेक्ट्रॉनिक आहे, १/५०० पासून ३० सेकंदांपर्यंत कितीही वेळ उघडं राहू शकतं. संध्याकाळी घरात बटण दाबलंत, पिवळा दिवा (उजेड कमी, शटर हळू चालणार असं सांगणारा) लागलेला होता, तर शटर अजून उघडंच असतं आणि तुम्ही लिव्हरशी झटापट करताय. थांबा, बंद झाल्याचा बारीक आवाज येईल, मग फिरवा. बॅटरी काढली तर हाच कॅमेरा फक्त १/५०० वर चालतो. म्हणून बॅटरी काढून दहा वेळा फिरवून दाबून बघा, तसा बिनचूक चालला आणि बॅटरी घातल्यावर अडकला तर गिअरकडे बघूच नका, दोष इलेक्ट्रिकच्या बाजूला. मूळ बॅटरी पाऱ्याची ५.६ व्होल्टची होती, ती आता बनत नाही, ६ व्होल्टची फोर एलआर ४४ (4LR44) बॅटरी ॲडॅप्टर किंवा स्प्रिंग लावून चालते, मात्र स्प्रिंग सैल बसली की संपर्क येतो जातो, हे आधी तपासा. बॅटरीच्या घरात हिरवं पांढरं काही साठलं असेल तर व्हिनेगरचा कापूस, मग कोरडं पुसणं.

एक आवाज मात्र आवर्जून ऐका. इलेक्ट्रोचा लिव्हर फिरवताना आतून एक ठळक "खट्" येतो, जड, दाराची कडी पडल्यासारखा. तो तुमच्या कॅमेऱ्यात येतो का? येत नसेल तर आत शटर रिलीजच्या दांड्याजवळ एक इवलासा रबराचा तुकडा असतो तो संपला. हा कॅमेरा १९६६ ला आला, जीएसएन १९७३ चा, म्हणजे त्या रबराचं वय पन्नाशीच्या आसपास. ते झिजलं की दांडा पूर्ण जागेवर येत नाही आणि ऑटो एक्स्पोजर, म्हणजे शटर किती वेळ उघडायचं हे कॅमेऱ्यानं आपोआप ठरवणं, भलतंच व्हायला लागतं. परदेशात या मॉडेलचे वेडे लोक त्याला पॅड ऑफ डेथ म्हणतात, पण नावाला घाबरू नका, बरा होणारा आजार आहे. फक्त तो घरी करायचा नाही, बराच कॅमेरा उघडावा लागतो. फिल्म न सरकण्याचं कारण हे नसतं, पण कॅमेरा दुरुस्तीला देताना "खट् येत नाही" एवढं सांगा, एकदा उघडलेला असताना तेही होऊन जाईल.

घरी कुठपर्यंत जायचं? माझं मत, तळाची पत्री काढेपर्यंत. ती थोड्या स्क्रूंवर असते, काढली की रिवाइंडचं बटण आणि खालचे गिअर दिसतात, वाळलेलं ग्रीस लाखेसारखं तपकिरी दिसतं. ते लायटरच्या इंधनानं पुसून काढून गिअरच्या दातांवर सुईच्या टोकाएवढं नवं ग्रीस, बस. काढण्याआधी फोनवर फोटो घ्या, स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं कागदावर चिकटपट्टीला लावा. आणि स्क्रूड्रायव्हर जपानी मापाचा घ्या, साधा फिलिप्स त्या खाचेत पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. वरची पत्री, लेन्सचा पुढचा भाग, यांना हात लावू नका. वायरी आहेत तिथे, आणि रेंजफाइंडरचे आरसे आहेत, एकदा हलले की फोकस जुळवणं वेगळंच काम होऊन बसतं.

सुट्या भागांचं विचाराल तर, याशिका १९८३ ला क्योसेराकडे गेली आणि क्योसेरानं २००५ ला कॅमेऱ्यांचा धंदाच बंद केला, त्यामुळे नवीन गिअर कुठून येणार. दुसऱ्या मेलेल्या इलेक्ट्रोतून काढायचे. हा कॅमेरा भरपूर खपलेला असल्यानं असे सांगाडे अजून मिळतात, चोरबाजारात एखादा फुटक्या लेन्सचा स्वस्तात दिसला तर घेऊन ठेवा, आतलं लिव्हरचं सगळं शाबूत असण्याची शक्यता चांगली असते. मी तर फक्त सुट्या भागांसाठी एक खणभर ठेवलेत.

जाता जाता, दुसरे कॅमेरे असणाऱ्यांसाठी, कारण हे वाचून कोणीतरी आपला चांगला कॅमेरा उघडायचं. कोडॅक रेटिना थ्री सी असेल तर त्याचा काउंटर उलटा मोजतो, आकडे संपले की लिव्हर मुद्दाम लॉक होतो, काउंटर परत वर न्यावा लागतो, बिघाड नाही तो. शिवाय त्याचं शटर स्प्रॉकेट फिरल्यावरच चढतं, म्हणजे रिकामा कॅमेरा लिव्हर कितीही फिरवा, शटर मेल्यासारखंच वाटणार, स्प्रॉकेट अंगठ्यानं फिरवून बघा. झॉर्की, फेड असेल तर बटणाभोवतीची कडी रिवाइंडवर राहिलीये का ते आधी बघा, आणि झॉर्कीत शटर स्पीड लिव्हर किंवा नॉब फिरवल्यानंतरच बदलायचा, आधी नाही. लायका एम थ्री १९५४ ला आला तेव्हा दोन वेळा लिव्हर मारून एक फ्रेम सरकायची, १९५८ पासून एकदा. एका गृहस्थांनी वडिलांचा एम थ्री अर्ध्यात अडकतो म्हणून माझ्याकडे आणला, मी त्यांच्यासमोर दुसऱ्यांदा लिव्हर मारला आणि शटर वाजवून दाखवलं. एवढंच होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: आज फक्त सेल्फ टायमर बघा आणि बटण दाबून नॉब दोन बोटांनी फिरवून बघा. नाही फिरला तर रात्री अंधारात उघडा, १४ फोटो वाचवा, कॅमेऱ्याचं नंतर. मग मला तीन गोष्टी कळवा: अंगठ्याला रबर लागलं की दगड, आत घड्या होत्या का, आणि रिकाम्या कॅमेऱ्यात लिव्हर फिरवताना खट् येतो का. पट्टीनं मोजलेले आकडे असले तर तेही लिहा, पहिल्या पाच रेघांचे आणि शेवटच्या पाच रेघांचे वेगवेगळे.